राजारामपुरीतलं समुपदेशन केंद्र : फोन किती तास, यापेक्षा फोनमध्ये काय झालं हे विचारणारी जागा

केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. राजारामपुरीत आहे, एवढं पुरे. तिथे जाणारी माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि कोल्हापूर तसं लहान गाव. कोण कुठल्या जिन्यावरून उतरलं हे संध्याकाळपर्यंत चार घरांत कळतं. हे लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा तिनं दोन अटी घातल्या. कुणाचंच नाव यायचं नाही, आणि आधी तिला वाचून दाखवायचं. वाचून दाखवलं. दोन परिच्छेद तिनं काढायला लावले, ते काढले. कुणाला पत्ता हवा असेल तर मला वेगळा निरोप पाठवा, मी सांगेन.

नोव्हेंबर २०२५ पासून आजपर्यंत आमच्या नऊ बैठका झाल्या. सात तिच्या, दोन आम्हा आईवडिलांच्या. पहिल्या बैठकीचे हजार रुपये, पुढे प्रत्येकी सातशे. मी पतसंस्थेत कॅशिअर आहे, मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पाळीनं जातात. सहा हजार सहाशे रुपये आमच्यासाठी कमी नाहीत, म्हणून ते कशासाठी गेले हे नीट सांगते.

त्याआधी सप्टेंबरात ओळखीतून एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांचंही नाव नको. दहा मिनिटं आत होतो. सगळे प्रश्न मला विचारले, मुलगी शेजारी बसलेली असून. "रोज किती तास फोन बघते?" मी म्हटलं, पाच-सहा. "व्यसन आहे. फोन काढून घ्या, साधा द्या, महिन्यात ताळ्यावर येईल." आम्ही त्याच संध्याकाळी फोन काढून कपाटात ठेवला. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हे आता लिहायला जड जातं. पुढचे तीन दिवस ती धड जेवली नाही. आधी भांडत तरी होती, आता बोलणंच बंद. फोनबरोबर आम्ही काय काढून घेतलं हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिची जिवाची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे गडहिंग्लजला गेली आहे. त्या दोघींचं रोजचं बोलणं इन्स्टाग्रामवर व्हायचं. मुलीला जे झालं होतं ते जगात फक्त त्या एका मैत्रिणीला ठाऊक होतं.

काय झालं होतं, ते मला केंद्रात कळलं. तेही मुलीनं स्वतः सांगितलं, तिसऱ्या बैठकीनंतर, तिथल्या मानसतज्ज्ञ मॅडमच्या समोर.

आमच्याकडे बायका-मुलीही बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. मी लिहिताना 'गेले' लिहिते आहे, पण घरात 'गेलो'च म्हणते. माझी आई, सासूबाई, सगळ्या तसंच. कोल्हापूरबाहेरच्यांना हे नवल वाटतं, आम्हाला ते कळतसुद्धा नाही. ऑगस्टमध्ये मुलीनं रंकाळ्यावर एक रील केलं. "मी रोज सकाळी इथं पळायला येतो," असं त्यात ती म्हणाली होती. तिचा 'नीट'चा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, ऑनलाइन क्लास आहे, त्यात सगळ्या महाराष्ट्रातली मुलं आहेत. त्यातल्या कुणीतरी ते रील क्लासच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, 'ही बहीण की भाऊ?' दोन दिवस त्यावर चाललं होतं. तिच्या आवाजावर, दंडावर, केसांवर. एकानं तिचा फोटो मिशा काढून फिरवला. तिनं रील काढून टाकलं, पण ते कितीतरी फोनांत उतरलेलं होतं. रात्री दोन-दोनपर्यंत ती फोनवर असायची ती गंमत बघत नव्हती. आपल्याबद्दल अजून कुठे काय लिहिलंय ते शोधत होती.

सप्टेंबरपासून ती घरात 'मी जाते', 'मी करते' म्हणायला लागली होती. माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, कॉलेजात गेली, भाषा सुधारली. मी शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं.

आता केंद्राबद्दल. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना उभा. बाहेर चार खुर्च्या. रिसेप्शनवर एक फॉर्म भरायला देतात, त्यात सोशल मीडियाबद्दल एकच ओळ होती : दररोज किती तास? ते वाचून माझं मन खट्टू झालं. पुन्हा तेच. पण आत मॅडमनी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि मुलीला पहिलं वाक्य म्हटलं, "इन्स्टाग्राम मला तुझ्याइतकं कळत नाही. तू मला दाखवशील?" मुलीनं माझ्याकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "आईला आपण बाहेर पाठवूया का?" मी बाहेर आले.

बाहेर पाठवण्याआधी मात्र त्यांनी दोघींसमोर एक गोष्ट स्पष्ट केली होती, आणि ती मला फार आवडली. मुलगी जे सांगेल ते मुलीचं. आईला त्यातलं फक्त तेवढंच कळेल जेवढं मुलगी सांगू देईल. अपवाद तीन : तिच्या जिवाला धोका असेल तर, ती दुसऱ्या कुणाला इजा करणार असेल तर, किंवा तिला कुणी त्रास देत असेल तर. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक छळाबद्दल कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. मुलीला नंतर कळून फसवल्यासारखं वाटायला नको, म्हणून. इतकं सरळ तिच्याशी आधी कुणी बोललं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

दुसऱ्या बैठकीत दोघींनी मिळून पंधरा मिनिटं मुलीचा फोन बघितला. वहीत तीन रकाने : काय दिसलं, त्याआधी मनाला कसं वाटत होतं, नंतर कसं वाटलं. शून्य ते दहा. मुलीनं ती वही मला नंतर दाखवली. चित्रकलेच्या रीलनंतर आकडा वर जातो. मैत्रिणीच्या निरोपानंतर वर. 'आठ दिवसांत सडपातळ' छापाच्या एका बाईच्या रीलनंतर खाली. क्लासच्या ग्रुपचं नुसतं नाव वर दिसलं तरी चारनं खाली. मी पाच-सहा तास म्हणत होते ते हे सगळं एकाच पोत्यात भरून.

मॅडमकडून कळलं की ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं जानेवारी २०२० मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, मुलांना तपासताना तंत्रज्ञानाच्या वापराबद्दल नेहमीच विचारत जा. झोप, जेवण, शाळा विचारता तसं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनं पालकांसाठी इंग्रजीत पाच 'सी' सांगितलेत. मॅडमनी त्याचे मराठीत पाच 'म' केलेत आणि ते कार्डावर लिहून दिले. मूल, मजकूर, मनःशांती, मागे पडलेल्या गोष्टी, मोकळं बोलणं. म्हणजे आपलं मूल स्वभावानं कसं आहे. फोनमध्ये ते नेमकं काय बघतं. मन शांत करायला त्याला फोन सोडून दुसरं काही आहे का. फोनमुळे झोप, खेळ, माणसं यातलं काय मागे पडलं. आणि घरात यावर बोलणं होतं का. ते कार्ड आमच्या फ्रिजवर आहे. चौथ्या 'म'समोर मुलीनं पेन्सिलीनं 'पळणं' लिहिलंय. रील झाल्यापासून ती रंकाळ्यावर गेली नव्हती.

'व्यसन' शब्दाबद्दल मी विचारलं. मॅडमनी शब्द जपून वापरायला सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण सोशल मीडियाच्या नावानं वेगळा आजार नाही. मुलीला 'व्यसनी' म्हटलं की तिच्यावर शिक्का बसतो, आणि ग्रुपवर तिला जे भोगावं लागलं ते कुणी विचारतच नाही. आमच्या घरी अगदी तेच झालं होतं.

दुसरा माझा प्रश्न होता तीन तासांचा. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट, असं मी व्हॉट्सअॅपवर वाचलं होतं आणि रात्रभर झोपले नव्हते. मॅडमनी सांगितलं, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य सल्लागार डॉक्टरांच्या, मे २०२३ च्या सूचनेतलं आहे, खरं आहे. पण हा हजारो मुलांचा एकत्र हिशेब आहे, एका मुलीचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. दुःखी मूल फोनकडे जास्त वळतं की फोनमुळे दुःखी होतं, हेही त्यात सुटं करता येत नाही. आणि त्याच सूचनेत मुलांना तिथे आधार आणि आपल्यासारखी माणसं मिळतात, हेही लिहिलेलं आहे. व्हॉट्सअॅपवर तेवढा भाग कुणी पाठवला नव्हता.

पहिल्याच दिवशी नऊ प्रश्नांचा एक कागद होता. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन रमतं का, असं. मराठी फार कडक : 'आपणांस गत दोन सप्ताहांत निरुत्साही वाटले काय?' मुलीला अर्धं कळलं नाही. मॅडमनी तोंडी समजावून घेतलं. हा कागद केंद्रानं बदलायला हवा, मी तसं त्यांना लिहून दिलंय. शेवटचा प्रश्न जगण्यात अर्थ वाटत नाही, मरावंसं वाटतं का, असा आहे. मला धडकी भरली, असलं विचारून मुलीच्या डोक्यात नको ते येईल. मॅडमनी सांगितलं, विचारल्यानं असे विचार रुजत नाहीत, उलट बरेचदा मुलाला मोकळं व्हायला वाट मिळते. मुलीनं तिथे 'काही दिवस' वर खूण केली होती. हे तिनं इथे लिहू दिलं आहे.

त्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं, मुलीच्या संमतीनं. घरातली सगळी औषधं कुलपात, गावाकडच्या घरातली फवारणीची औषधंसुद्धा शेतावरच्या खोलीत, किल्ली आजोबांकडे. तिला वाईट वाटायला लागलं की ती कुणाला फोन करणार, त्या तीन माणसांची नावं तिच्याच अक्षरात. खाली १४४१६. हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तीन माणसांत गडहिंग्लजची मैत्रीण पहिली. दुसरी तिची मावशी. तिसरी मी. तिसरी का होईना, पण त्या कागदावर माझं नाव होतं. फोन त्याच रात्री कपाटातून निघाला.

फोन परत दिला, पण तसाच्या तसा नाही. इथे केंद्राचं काम मला सगळ्यात पक्कं वाटलं. मॅडमनी मुलीला विचारलं, अकाउंट कधी उघडलंस? लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, ऑनलाइन शाळेसाठी मिस्टरांचा जुना फोन दिला होता तेव्हा. ती साडेदहा वर्षांची होती. इन्स्टाग्रामला तेरा पूर्ण लागतात, म्हणून तिनं जन्मसाल २००४ टाकलं. त्या खोट्या सालामुळे इन्स्टाग्रामच्या हिशेबी ती एकवीस वर्षांची बाई होती. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी जी टीन अकाउंट आली, भारतात २०२५ मध्ये, त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात, साठ मिनिटांनी आठवण येते. यातलं काहीच तिला लागू झालं नव्हतं. तिचं अकाउंट सगळ्यांना उघडं होतं. खरं साल असतं तर तिचा त्रास झालाच नसता असं मी म्हणत नाही, क्लासमधली मुलं तिला फॉलो करतच होती. पण दार तरी उघडं नसतं. लॉकडाऊनमध्ये ते साल भरताना आम्ही दोघं घरातच होतो. कुणी बघितलं नाही.

मॅडमनी मुलीबरोबर बसून साल बदललं, नको ते शब्द अडवायची यादी भरली, सुचवलेले रील नव्यानं सुरू करायचे ते केलं. अडवायच्या शब्दांत मुलीनं काय काय लिहिलं ते मी बघितलं नाही. क्लासच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं की नाही हे त्यांनी मुलीवर सोडलं. तीन आठवडे तिनं विचार केला आणि बाहेर पडली. क्लासवाल्यांना मी पत्र लिहिलं, स्क्रीनशॉट जोडून. त्यांनी ग्रुप बंद केला, माफी मात्र आजपर्यंत आलेली नाही.

आमच्या बैठकीबद्दल थोडं. मिस्टर यायला तयार नव्हते. "आमच्याच पोरीला असलं का," एवढंच म्हणायचे. रात्रपाळी संपवून आले ते तसेच बसले. मॅडमनी त्यांना 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीचं सांगितलं : ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांत, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. खेड्यापाड्यांत ही स्थिती, आपण तर शहरात. मिस्टर जरा सैल झाले. मग मॅडमनी आम्हालाही मुलीसारखीच वही दिली. आठवडाभर, आपण फोनवर काय बघितलं, कधी, नंतर कसं वाटलं. मिस्टर पाळीवरून आले की अंधारात तासभर रील बघतात, आवाज मोठा. मी जेवताना पतसंस्थेच्या ग्रुपवर उत्तरं देते. चौघांचे चार्जर आता हॉलमध्ये, साडेदहाला फोन तिथे. सासूबाईंचासुद्धा, त्यांची कीर्तनं आता सकाळी.

एक आठवण इथेच लिहिते. मॅडमनी मुलीला विचारलं होतं, जून २०२३ मध्ये स्टेटसवरून गावात दंगल झाली, इंटरनेट बंद केलं होतं, तेव्हा तू काय केलंस? मुलगी म्हणाली, दिवसभर चुलत भावंडांबरोबर पत्ते खेळले, मजा आली. रात्री मात्र भीती वाटली, कारण मैत्रीण ठीक आहे का ते कळत नव्हतं. एकाच दिवसात दोन्ही. मला वाटतं, त्या उत्तरावरूनच मॅडमनी ठरवलं असावं की या मुलीचा फोन बंद करून भागणार नाही.

तक्रारी आहेत. जिन्याचं सांगितलंच. संध्याकाळच्या वेळा आठवड्यात दोनच, त्याही महिनाभर आधी भरलेल्या. मला दर वेळी अर्धी रजा टाकावी लागली. कॉलेजच्या मुलांसाठी केंद्र चालवायचं तर दुपारी तीनची वेळ काय कामाची? सुरुवातीला रिसेप्शनवरच्या ताई पूर्ण नाव मोठ्यानं पुकारायच्या. एकदा समोरच्या खुर्चीवर आमच्या गल्लीतल्या वहिनी होत्या. मुलीनं मान खाली घातली ती आत जाईपर्यंत वर केली नाही. मी लेखी सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून नंबर पुकारायला लागले. सांगितल्यावर ऐकलं, हे मान्य करते, पण अशा ठिकाणी हे सांगायची वेळ यायला नको होती. बैठकीची टिपणं इंग्रजीत देतात. मिस्टरांना मी वाचून सांगते. शनिवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, त्यांची फी वेगळी. आम्हाला एकदाच भेटावं लागलं, गोळ्या लागल्या नाहीत.

नवीन जाणाऱ्यांसाठी एक : 'काउन्सेलर' अशी नुसती पाटी बघून आत जाऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती बिनदिक्कत विचारा. आमच्या मॅडमचा नंबर भिंतीवरच लावलेला आहे. आणि मुलाला एकट्याला भेटतात का, तेही विचारा. नाही म्हणाले तर उठून या.

पाचपैकी चार देते. एक वेळेचा आणि त्या फॉर्मातल्या एका ओळीचा कापला.

मुलगी पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. झोप आली आहे, जेवण आलं आहे. नवं रील तिनं टाकलेलं नाही, टाकायचंच असं कुणी म्हणतही नाही. बैठक संपली की आम्ही चालत खासबागेपर्यंत जातो, भेळ खातो, तिथे ती काय काय सांगते. गेल्या रविवारी सकाळी सहाला दार वाजलं म्हणून मी उठले. ती बूट घालत होती. मी म्हटलं, थांब, मी येतो बरोबर, अंधार आहे अजून.

"नको, तू झोप की," ती म्हणाली. "रंकाळ्यावर तर जातो मी."